वाचक विचारतात : हा आकडा नक्की कुणाचा?

गेल्या खेपेला मी ओघात लिहून गेले, की पीएचडीची वर्षं मी ‘थंड केलेल्या रेणूंचं आयुष्य मोजण्यात’ घालवली. लेख होता घरातल्या ट्यूबलाइटवर, पण पत्रं आली ती या एका वाक्यावर. काहींनी ‘म्हणजे नक्की काय केलंत?’ असं सरळ विचारलंय, एकाने थोडं वाकड्यात. त्यातली पाच पत्रं आज घेते. एकसारखे प्रश्न एकत्र केलेत, त्यामुळे आपलं पत्र दिसलं नाही म्हणून रुसू नये.

मॅडम, रेणूचं आयुष्य म्हणजे काय? रेणू मरतो का? आणि नॅनोसेकंद मोजायला तेवढं वेगवान घड्याळ कुठून आणलंत?
— बारावीतली विद्यार्थिनी, कऱ्हाड

मरत नाही गं. शब्द आमचाच फसवा आहे. ते आयुष्य त्या रेणूच्या एका अवस्थेचं असतं. लेझरचा प्रकाश गिळला की रेणू ऊर्जेच्या वरच्या पायरीवर जाऊन बसतो. तिथे तो फार वेळ टिकत नाही. थोड्या वेळाने प्रकाशाचा एक कण बाहेर टाकतो आणि खाली उतरतो. वर बसून काढलेला वेळ म्हणजे त्या अवस्थेचं आयुष्य. बाहेर टाकलेल्या प्रकाशाला तुझ्या पुस्तकात प्रतिदीप्ती म्हटलं असेल. प्रयोगशाळेत आम्ही सगळे फ्लुरोसन्सच म्हणायचो.

उदाहरण अणूचं देते, कारण ते तू डोळ्यांनी पाहिलेलं आहेस. रस्त्यावरचे ते पिवळेजर्द सोडियमचे दिवे आठव, जे आता एलईडीने बहुतेक ठिकाणांहून हाकलून लावलेत. सोडियमचा एकटा अणू उत्तेजित झाला, तर सरासरी १६ नॅनोसेकंदांत ५८९ नॅनोमीटरचा पिवळा प्रकाश टाकून मोकळा होतो. नॅनोसेकंद म्हणजे सेकंदाचा अब्जावा भाग. तेवढ्यात प्रकाश ३० सेंटीमीटर जातो, म्हणजे एक फूटपट्टी. १६ नॅनोसेकंदांत जेमतेम तुझ्या वर्गाच्या एका भिंतीपासून दुसरीपर्यंत.

‘सरासरी’ या शब्दाखाली रेघ मार. १६ झाले की घंटा वाजते आणि सगळे अणू उतरतात, असं होत नाही. कुणी दोन नॅनोसेकंदांत उतरतो, कुणी चाळीस झाले तरी बसलेला असतो. आणि चाळीस बसलेला अणू ‘आता फार झालं’ म्हणून घाईही करत नाही. आपण किती वेळ बसलोय याची त्याला आठवणच नसते. पुढच्या एका नॅनोसेकंदात उतरण्याची त्याची शक्यता नुकत्याच वर आलेल्या अणूएवढीच. म्हणून घोळक्याचा प्रकाश ठरावीक प्रमाणात ओसरतो : १६ नॅनोसेकंदांनी ३७ टक्के उरतो, आणखी १६ नंतर त्याचे ३७ टक्के म्हणजे १४ च्या आसपास, आणि असंच पुढे. किरणोत्सर्गाच्या धड्यात हाच आलेख आहे. फक्त तिथे निम्मे उरायला लागणारा वेळ मोजतात, अर्धायुकाल. आमचं आयुष्य ३७ टक्क्यांचं. अर्धायुकाल त्याच्या ०.६९३ पट. हे गुणक विसरून मी स्वतः एकदा पंधरा दिवसांचं काम पुन्हा केलंय.

राहिलं घड्याळ. ते लागत नाही, ऑसिलोस्कोप लागतो, म्हणजे विजेचा चढउतार पडद्यावर रेघेने दाखवणारं यंत्र. आम्ही त्याला नुसतं स्कोप म्हणायचो. आमचा लेझर दर सेकंदाला दहा ठोके द्यायचा, प्रत्येक ठोका सात नॅनोसेकंदांचा. रेणूंकडून आलेला प्रकाश फोटोमल्टिप्लायर नावाच्या नळीवर पडतो. ही नळी एका फोटॉनपासून सुटलेल्या इलेक्ट्रॉनचे आत लाखो करते, म्हणजे वायरमध्ये मोजण्याजोगा प्रवाह आला. तो स्कोपच्या पडद्यावर उतरती रेघ काढतो. हजारभर ठोक्यांची सरासरी घेतली की रेघ गुळगुळीत होते. हे सगळं तयार मिळत असताना आम्ही कुरकुरायचो. एन्रिके गाव्हिओला नावाच्या अर्जेंटिनाच्या माणसाने १९२६च्या सुमारास बर्लिनमध्ये लेझर नसताना, स्कोप नसताना नॅनोसेकंदांची आयुष्यं मोजली होती. विजेवर उघडझाप करणारी प्रकाशाची दारं लावून!

वायू उण्या २७० अंशांपर्यंत थंड केला तर त्याचा द्रव किंवा बर्फ व्हायला हवा. मग ‘थंड वायूतले रेणू’ हा प्रकार मुळात शक्य कसा? आणि थंड करायची गरज काय?
— निवृत्त विज्ञान शिक्षक, चिपळूण

सर, गरज आधी सांगते. खोलीच्या तापमानाला रेणू स्वस्थ बसत नाही. गिरक्या घेतो, बंध ताणतो, आखडतो. प्रत्येक गिरकीची ऊर्जेची पायरी वेगळी. तुम्ही लेझरचा एकच रंग सोडता, पण तो निरनिराळ्या पायऱ्यांवरच्या शंभर जातींच्या रेणूंना एकदम लागतो, आणि समोर जी उतरती रेघ येते ती शंभर आयुष्यांची भेसळ असते. थंड केलं की जवळजवळ सगळे रेणू तळाच्या दोन-चार पायऱ्यांवर गोळा होतात. मग त्यातली नेमकी हवी ती पायरी लेझरने वेचता येते.

दुसरं कारण शेजाऱ्यांचं. हवेच्या नेहमीच्या दाबाला एक रेणू सेकंदाला काहीशे कोटी टकरा खातो. ज्याला वर शंभर नॅनोसेकंद बसायचंय त्याला तेवढ्यात सात-आठशे धक्के बसणार. त्यातल्या एखाद्या धक्क्यात शेजारी त्याची ऊर्जा काढून घेतो, आणि रेणू प्रकाश न टाकताच खाली येतो. तुम्ही मोजता ते आयुष्य मग रेणूचं राहत नाही, गर्दीचं होतं.

आता शक्य कसं. सायकलच्या चाकातली हवा सोडताना वॉल्वला बोट लावलंय ना? गार लागतं. आमचं यंत्र त्याचाच थोरला भाऊ. दोन-तीन वातावरणं दाबाचा आरगॉन, त्यात आमच्या रेणूची चिमूट, आणि अर्ध्या मिलिमीटरच्या भोकातून हे मिश्रण निर्वात पेटीत सोडायचं. भोकामागे वायूचे रेणू वाट्टेल त्या दिशेला धावत असतात. भोकातून बाहेर पडताना एकमेकांना ढकलत ढकलत ते सगळे एका दिशेला, एका वेगाला लागतात. वारीच्या तळावर पहाटे जी रेटारेटी असते ती दिंडी चालू लागली की राहत नाही. सगळे भराभर चालतात, पण शेजारच्याचा खांदा लागत नाही. तापमान म्हणजे ही आपसातली रेटारेटी, दिंडीचा वेग नव्हे. आरगॉनची दिंडी सेकंदाला ५६० मीटर धावते, हेलियमची सतराशेच्या वर, आणि आतून दोन्ही गारठलेल्या असतात.

म्हणून एक गंमत होते. या झोतात तुम्ही साधा थर्मामीटर धरलात तर तो खोलीचंच तापमान दाखवेल! रेणू त्याच्यावर आपटतात, थांबतात, आणि दिंडीचा वेग पुन्हा रेटारेटीत बदलतो. हात गोठण्याची भीती नाही. (निर्वातात हात घालू नका, ते वेगळ्या कारणासाठी.) मग तीन केल्व्हिन, म्हणजे तुमचे उणे २७० अंश, म्हणतो ते कशावरून? रेणूच्या वर्णपटावरून. गिरक्यांच्या कोणत्या पायरीवर किती रेणू आहेत ते रेषांच्या उंचीवरून वाचता येतं, आणि त्यावरून तापमान निघतं.

द्रव का होत नाही, हा तुमचा मूळ मुद्दा. दोन रेणूंना चिकटायचं तर उरलेली ऊर्जा घेऊन जायला तिसरा रेणू नेमका तिथे आदळावा लागतो. झोत इतक्या झपाट्याने विरळ होतो की तो तिसरा भेटतच नाही. थंडी येते आणि गर्दी संपते, हे दोन्ही काही मायक्रोसेकंदांत उरकतं (एक मायक्रोसेकंद म्हणजे हजार नॅनोसेकंद). थोडे रेणू चिकटतात, नाही असं नाही. त्यांच्यावर वेगळे प्रबंध होतात.

ही कल्पना १९५१ मध्ये कँट्रोविट्झ आणि ग्रे यांनी मांडली. रेणूंचा वर्णपट वाचायला ती लेझरबरोबर जुंपली शिकागो विद्यापीठात स्मॉली, व्हार्टन आणि लेव्ही या तिघांनी, १९७५च्या सुमारास. यातले स्मॉली म्हणजे पुढे फुटबॉलसारख्या कार्बनच्या रेणूसाठी १९९६चं नोबेल ज्यांना विभागून मिळालं तेच. त्यांनी सुरुवातीला थंड केलेला रेणू होता नायट्रोजन डायऑक्साइड, आणि त्यावरच पुढचं पत्र आहे.

आमच्या पुस्तकात आहे, की शोषण जितकं जोरदार तितकं उत्तेजित अवस्थेचं आयुष्य कमी. नायट्रोजन डायऑक्साइडच्या शोषणावरून आयुष्य निघतं ०.२६ मायक्रोसेकंद आणि प्रयोगात मिळतं ४४. चूक सूत्राची की प्रयोगाची? सरांना विचारलं तर म्हणाले, परीक्षेला येत नाही.
— एमएस्सीचा विद्यार्थी, नांदेड

परीक्षेला येत नाही हे खरं. मला मात्र हा प्रश्न साडेतीन वर्षं रोज यायचा, कारण माझा रेणू हाच होता. तांब्याच्या तुकड्यावर संहत नायट्रिक आम्ल टाकलं की परीक्षानळीतून वर येतो ना तपकिरी धूर, तोच. रंग सुंदर, वास घाणेरडा, आणि वर्णपट तर असा, की खोलीच्या तापमानाला त्यातल्या रेषा मोजणं म्हणजे मुंग्यांचं वारूळ मोजणं.

तुझ्या पत्रातला ४४चा आकडा १९५४ सालचा, न्यूबर्गर आणि डंकन यांचा. दोन्ही आकड्यांचा भागाकार कर : जवळजवळ १७०. एवढी तफावत कुणाच्या हातून सांडण्यातली नाही. उलगडा १९६६ मध्ये कॅनडातल्या ए. ई. डग्लस यांनी केला, आणि असंच वागणाऱ्या सल्फर डायऑक्साइड व कार्बन डायसल्फाइड यांनाही त्याच माळेत ओवलं.

गोष्ट अशी. तुझं सूत्र धरून चालतं, की वर एकच एक अवस्था आहे आणि सगळं शोषण तिच्या नावावर. नायट्रोजन डायऑक्साइडमध्ये तसं नाही. त्या उंचीवर खालच्याच इलेक्ट्रॉनी अवस्थेच्या कंपनांच्या पायऱ्यांचं रान माजलेलं असतं. या पायऱ्या स्वतः प्रकाश टाकत नाहीत म्हणून आम्ही त्यांना अंधाऱ्या म्हणतो. उजेड टाकणारी अवस्था या अंधाऱ्यांमध्ये मिसळून जाते. गावाकडे सातबारा पाहिलास ना? आजोबांच्या एकट्याच्या नावावर असलेल्या जमिनीवर आता दीडशे नावं. एकरांची बेरीज तीच, पण वाटणीला येतो तो बांधाएवढा तुकडा. शोषण मोजणारा सगळी जमीन एकत्र मोजतो, म्हणून त्याचं आयुष्य आखूड येतं. लेझर मात्र एका वाटेकऱ्याला उठवतो. त्याच्याकडे उजेडाचा अंश थोडा, त्यामुळे प्रकाश टाकायला त्याला तितका जास्त वेळ लागतो. वाटेकरी बरोबर १७० असा अर्थ काढू नकोस, हिशेब ढोबळ आहे. आणि ०.२६ व ४४ या दोन्ही आकड्यांत चूक कुठलीच नाही, ते दोन वेगळ्या गोष्टींचे आहेत.

माझ्या आकड्यात मात्र चूक होती. एक नव्हे, दोन.

पहिलं वर्ष. पंप धडधडतायत, भोकावरची झडप सेकंदाला दहा वेळा टक् टक् करतेय, पेटीतला दाब हवेच्या कोटीव्या भागाइतका, आणि स्कोपवर माझी पहिली उतरती रेघ. मोजलं : १२० मायक्रोसेकंद. पुस्तकात ४४. म्हणजे थंड रेणू तिप्पट जगतो, म्हणजे मला शोध लागलाय! रात्री वसतिगृहात झोप नाही. सकाळी गाइडना नेऊन दाखवलं. ते रेघेकडे बघेचनात. स्कोपच्या मागे वाकले, केबल हातात धरली, खिशातून बोटाच्या पेराएवढी धातूची टोपी काढली. तिच्यात हजार ओहमचा रोधक बसवलेला होता. टोपी जोडावर फिरवली आणि माझे १२० मायक्रोसेकंद पडद्यावरून नाहीसे झाले.

गणित दहावीचं आहे. स्कोपचा आतला रोध दहा लाख ओहम. मीटरभर केबलची धारकता १०० पिकोफॅरड, स्कोपची स्वतःची वीसेक. रोध गुणिले धारकता : १२० मायक्रोसेकंद. मी रात्रभर केबलचं आयुष्य मोजत होते. टाकी भरून तोटी बारीक सोडावी तसा केबलमध्ये साठलेला भार हळूहळू झिरपत होता. टोपीने तोटी हजारपट मोठी केली. या टोपीला टर्मिनेटर म्हणतात. नॅनोसेकंदांच्या कामाला ती ५० ओहमची लागते. आमचा संकेत मंद आणि लांबणारा, म्हणून हजारची.

टोपीनंतर आकडा आला १५. आता ४४च्या खाली. गाइड काही बोलले नाहीत, ‘बघ’ म्हणाले. मी तीन आठवडे रोज १५ मोजत राहिले. मग आरगॉनचा सिलिंडर संपला. नवा यायला किती दिवस लागायचे ते सरकारी खरेदी ज्यांनी केलीय त्यांना सांगायला नको. शेजारच्या खोलीतून हेलियम मागून आणला, बाकी काहीही न हलवता लावला, आणि आयुष्य झालं ५.

मी निष्कर्ष काढून टाकला : हेलियम ऊर्जा काढून घेतो. वहीत लिहिलंसुद्धा, दोनदा अधोरेखित. हेलियमसारखा अलिप्त वायू, त्यात झोतात टकरा संपलेल्या. काढून घेणार काय आणि कधी? पण पहिल्या वर्षाला माणूस स्वतःच्या रेघेवर फार विश्वास ठेवतो.

खरा घोळ तेच आकडे जवळ ठेवले असते तर दिसला असता. आमची भिंग-नळी लेझरच्या ठिपक्यापासून पुढे जेमतेम एक सेंटीमीटर बघायची. आरगॉनच्या झोतातला रेणू सेकंदाला ५६० मीटर पळतो, म्हणजे एक सेंटीमीटर १८ मायक्रोसेकंदांत. हेलियमच्या झोतात तेच अंतर सहाच्या आत. रेणू वर निवांत बसलेला आहे, प्रकाश टाकायला त्याला घाई नाही, आणि तसाच बसल्या बसल्या तो आमच्या भिंगासमोरून निघून जातोय. ४४ मायक्रोसेकंद बसायचे तर आरगॉनबरोबर अडीच सेंटीमीटर आणि हेलियमबरोबर पावणेआठ सेंटीमीटर पुढे जाऊन तो उजळणार, पेटीच्या अंधारात, जिथे बघायला कुणी नाही. पहिल्यांदा मी केबलचं आयुष्य मोजलं होतं, या खेपेला खिडकीचं.

पुरावा वहीतच होता. खरा ओसरणारा प्रकाश सेमी-लॉग कागदावर, म्हणजे उभी मोजपट्टी दहाच्या पटींत असलेल्या आलेखावर, सरळ रेषेत उतरतो. माझी रेषा सरळ निघायची आणि मग पत्र्याच्या कडेवरून पाणी पडावं तशी खाली वाकायची. ते वाकणं मी ‘संकेत मंद’ म्हणून सोडून देत होते. नंतर आम्ही झोताच्या लांबीला धरून एक लांबट आरसा बसवला. रेघ सरळ झाली आणि आकडा वायू बदलल्यावर हलेनासा झाला. तेव्हा गाइडनी पहिल्यांदा खुर्ची ओढून बसत विचारलं, ‘हं, आता किती आलं?’

तुझ्या सरांना एक विचार : लेझरची तरंगलांबी ३९८ नॅनोमीटरच्या खाली नेली तर या रेणूचा फ्लुरोसन्स एकदम का बंद पडतो? उत्तर सोपं आहे. तेवढ्या ऊर्जेला रेणूच तुटतो, ऑक्सिजनचा एक अणू सुटतो. शहरातल्या उन्हात गाड्यांच्या धुरापासून ओझोन तयार होतो तो याच तुटलेल्या अणूपासून. हे कदाचित परीक्षेला येईल.

गाडीवरचं रेडियम आणि मुलांच्या खोलीतले रेडियमचे तारे, हाही फ्लुरोसन्सच का? आणि त्यात खरंच रेडियम असतं?
— रेडियम स्टिकरचं दुकान असलेले वाचक, इचलकरंजी

तुमच्या दुकानात रेडियम नाही, निश्चिंत राहा. पूर्वी घड्याळांच्या काट्यांवर रेडियम मिसळलेला रंग असायचा. तो गेला, आपल्याकडे नाव तेवढं राहिलं. नंबरप्लेटवर लावता तो कागद स्वतः उजळतच नाही, आलेला उजेड आला त्या दिशेलाच परत पाठवतो. टॉर्च डोळ्याजवळ धरली तर तो चमकतो आणि लांब बाजूला धरली तर मुका, हे तुम्हाला माझ्याहून चांगलं माहीत असणार. छतावरचे तारे मात्र खरोखर उजेड साठवतात. हल्ली त्यात बहुधा स्ट्रॉन्शियम ॲल्युमिनेट असतं. तिथे ऊर्जा स्फटिकात अडकून तासन् तास झिरपत राहते. त्याला आम्ही फॉस्फरसन्स म्हणतो. आमच्या मायक्रोसेकंदवाल्यांच्या मानाने तो अमरच.

हे सगळं करून सामान्य माणसाच्या पदरात काय पडलं? करदात्यांच्या पैशातून रेणूंचं आयुष्य मोजण्यापेक्षा माणसांचं वाढवलं असतं तर बरं झालं असतं.
— एक करदाता, वाशी

मीही कर भरते. पण प्रश्न रास्त आहे, फक्त टोमणा काढून ठेवते.

तुम्ही वाशीला राहता, म्हणजे हवेविषयी तुम्हाला मत असणारच. हवेतले बहुतेक वायुरूप घाणेरडे पदार्थ जो धुऊन काढतो तो हायड्रॉक्सिल, ऑक्सिजन आणि हायड्रोजनचा एकेक अणू असलेला तुकडा. दिवसा एका घनसेंटीमीटर हवेत असे साधारण दहा लाख असतात. ऐकायला पुष्कळ, पण तेवढ्याच जागेत हवेचे रेणू असतात २५ वर अठरा शून्यं. त्यात हे दहा लाख शोधायचे. ३०८ नॅनोमीटरचा लेझर मारला की हायड्रॉक्सिल त्याच रंगात उजळतो, पण उघड्या हवेत नायट्रोजन, ऑक्सिजन आणि बाष्प त्याला एक-दोन नॅनोसेकंदांत विझवतात. तेवढ्या वेळात लेझरचाच विखुरलेला उजेड डोळे दिपवतो. एकटा सोडला तर हाच रेणू सातशेच्या आसपास नॅनोसेकंद उजळत राहतो. म्हणून हवा बारीक भोकातून कमी दाबाच्या पेटीत ओढून घेतात, लेझरचा ठोका विरू देतात, आणि मग मोजायला सुरुवात करतात. भोक, पेटी, लेझर आणि आयुष्याचा आकडा. चिपळूणच्या सरांना सांगितलं तेच सामान, फक्त झोतात मुद्दाम घातलेल्या रेणूऐवजी रस्त्यावरची हवा. हवेच्या रसायनाची जी प्रारूपं ओझोनचा अंदाज बांधतात ती अशा मोजमापांवर घासून बघतात.

दुसरं तुमच्या अंगातलंच. डीएनएमधलं ॲडेनिन उन्हातले अतिनील किरण गिळतं, पण जवळजवळ उजळत नाही. उत्तेजित अवस्थेत ते इतका कमी वेळ राहतं, की काही विपरीत घडायला सवडच मिळत नाही. गिळलेल्या ऊर्जेची झटकन उष्णता होऊन जाते. शंका अशी होती, की ही घाई ॲडेनिनची स्वतःची की भोवतालच्या पाण्याची? पाणी काढून बघायचं तर ॲडेनिन वायूरूपात एकटं हवं, आणि थंड हवं. झोतात ठेवून मोजलं तर आयुष्य पिकोसेकंदाच्या घरात, म्हणजे नॅनोसेकंदाचा हजारावा भाग. घाई त्याचीच. आणि खरा मासला पुढे आहे : ॲडेनिनमधला अमिनो गट उचलून सहाव्या जागेवरून दुसऱ्या जागेवर ठेवला, की तयार होणारा रेणू पाण्यात असताना वर नॅनोसेकंद बसतो आणि चांगला उजळतो. अणू तेच, वजन तेच, आयुष्य हजारो पट. निसर्गाने यातला कुठला उचलला ते तुम्ही जाणताच, आणि तुमच्या कातडीला त्याचा फायदा आहे.

माणसांचं आयुष्य किती वाढलं ते मला सांगता येणार नाही, माझा विषय नाही.

जाता जाता, तीन-चार जणांनी विचारलंय की हे प्रत्यक्ष कुठे बघायला मिळेल. कुलाब्याची टाटा मूलभूत संशोधन संस्था किंवा पुण्याची आयसर यांसारख्या ठिकाणी थंड झोतातल्या रेणूंवर काम झालेलं आहे, आणि २८ फेब्रुवारीच्या विज्ञान दिनाच्या सुमारास अशा संस्था लोकांना आत घेतात. प्रयोगशाळा त्या दिवशी उघडी आहे का, ते आधी विचारून जा. टक् टक् आवाज आला तर ती झडप. निळा-हिरवा उजेड दिसला तर थेट बघू नका, चष्मा मागून घ्या. आणि कुणी कौतुकाने पडद्यावरची उतरती रेघ दाखवायला लागलं, तर आधी स्कोपच्या मागे वाकून टोपी लावलीय का ते बघा.